काचेवरचा डाग

सुखटणकर चाळीत गुणाजी घाडीगावकरला कुणी ‘बसा’ म्हणत नसे, कारण बसल्यावर तो काय बोलेल याचा नेम नसे. बारशाला गेला, तर पाळण्यावरची दिव्यांची माळ बघून म्हणाला, “ही वायर कोणी जोडली? पोर मारायचंय काय?” तेराव्याला गेला, तर हॅलोजनला अर्थिंग नाही म्हणून त्यानं स्वतःच प्लग उपटला आणि भटजी अंधारात पळी चाचपत राहिले. वाईट हे की दोन्ही वेळा त्याचं म्हणणं बरोबर होतं. बरोबर असणं हाच त्या माणसाचा रोग होता, आणि तो रोग तो दुसऱ्यांना भोगायला लावायचा.

सतराव्या वर्षी तो कणकवलीकडून मामाच्या मागोमाग लालबागला आला. संप होऊन गेला होता, गिरण्या अर्ध्यामुर्ध्या चालू होत्या, आणि एका गिरणीच्या वीजखात्यात धोंडू मिस्त्रींच्या हाताखाली त्याला चिकटवलं गेलं. मिस्त्री पाच शब्दांत काम सांगायचे आणि सहावा शब्द शिवी असायचा. ट्रान्सफॉर्मरच्या टाकीला लाकडी दांडका टेकवून दुसरं टोक कानाला कसं लावायचं, आतला आवाज कधी घुमतो आणि कधी करवादतो, हे त्यांनी शिकवलं. आत जळालं असेल तर तेलातून जो गॅस सुटतो त्याला काडी लावून बघायची, हेही त्यांनीच शिकवलं. आणि एकदा गुणाजीनं खालूनच मान वर करून ‘तेल ठीक आहे’ म्हटलं, तेव्हा मिस्त्रींनी त्याच्या टाळक्यात टपली मारली होती. “काच बघू नको भोसडीच्या. काचेतलं तेल हलतं काय ते बघ.”

गिरणी बंद झाली. मिस्त्री गावी जाऊन मेले. गुणाजी वीज कंपनीत लागला आणि वीस वर्षांत सीनिअर टेक्निशियन झाला. लालबाग-परळमधले अकरा सबस्टेशन त्याच्या ताब्यात होते. दर महिन्याला तपासणीचा तक्ता भरायचा: तापमान, तेलाची पातळी, गळती, आवाज. खाली सही. घाडीगावकरची सही असली की वरचे साहेब तक्ता वाचत नसत, नुसता फाइलला लावत. गुणाजीला या गोष्टीचा एवढा माज होता की सही करताना तो पेन झटकायचासुद्धा थाटात.

अकरापैकी नऊ नंबरचं सबस्टेशन त्याच्या चाळीच्या पाठीला, जुन्या गिरणीच्या कोपऱ्यात होतं. चाळीला आणि गिरणीच्या जागेवर उठलेल्या टॉवरच्या अर्ध्या भागाला तिथूनच वीज जायची. फाटकावर चंदू नावाचा चौकीदार. वरळी कोळीवाड्यातला, पन्नाशीचा, बायको वारलेली. भावानं होडी विकली तेव्हा हा सिक्युरिटीच्या खाकी शर्टात शिरला. गुणाजी त्याला ‘चंद्या’ म्हणायचा आणि त्याच्या खुर्चीला लाथ मारूनच आत जायचा. “झोपलास? अकरा हजार व्होल्ट आहेत पाठीशी. झोपायचं तर होडीत जाऊन झोप.” होडी नाही हे ठाऊक असूनही बोलायचा. चंदू खुर्ची सरळ करून उभा राहायचा.

आता तेलाची गोष्ट. लालबागेत काय आणि गावाकडे काय, एक समजूत पक्की आहे, की ट्रान्सफॉर्मरचं तेल गुडघ्याला चोळलं की दुखणं पळतं. कुणाला गुण आला ते देव जाणे, पण वायरमन दिसला की बायका आधी तेलाचं विचारतात. गुणाजीची बायको मालन तिसऱ्या मजल्यावर राहून तीस वर्षं लोकांचे डबे करत आली. भाजी खालून वर, डबे वरून खाली. तिचे गुडघे गेले. सात वर्षांपूर्वी एकदा तिनं गॅलरीत कपडे वाळत घालताना नवऱ्याला म्हटलं होतं, “तुमच्या त्या तेलाची एक बाटली आणा ना.”

गुणाजी तिथेच, सगळ्या मजल्याला ऐकू जाईल असा, भडकला होता. “कंपनीचा तेल ता! तुझो गुडघो काय कंपनीन भाड्यान घेतलोहा? चोरी करू तुझ्यापायी? त्या तेलान कातडी सोलून निघाली म्हणजे कळात तुका!” चाळ हसली. मालननं उरलेले कपडे वाळत घातले आणि आत गेली. पुन्हा तिनं तेलाचं नाव काढलं नाही. गुणाजीला वाटलं, समजली.

गेल्या दोनेक वर्षांत मात्र एक नवल घडत होतं. चाळ त्याच्याशी बरी वागू लागली होती. तळमजल्यावरच्या मायावहिनी सत्यनारायणाचा शिरा वाटीभर जास्त पाठवत. नाक्यावर वैभव नावाचा मंडळाचा कार्यकर्ता त्याला बघून खुर्ची पुढे करी. जो गुणाजी दिसला की म्हातारे पत्ते आवरून घेत, त्याला आता ‘या घाडीभाऊ’ होऊ लागलं. गुणाजीनं यातून सोयीचा अर्थ काढला. माणूस सरळ असला की जग उशिरा का होईना ओळखतं, असं तो मालनला जेवताना ऐकवी. मालन ताटात भात वाढी.

जगात त्याला न ओळखणारी एकच बाई होती, ऋता वर्तक. दादरची, वय एकतीस, त्याची नवी इंजिनिअर. मार्चमध्ये तिनं ऑफिसात तक्ते पसरून त्याला बोलावलं होतं.

“घाडीगावकर, नऊ नंबरची तेलाची पातळी गेल्या पावसापासून दर महिन्याला ‘निम्मी’ लिहिली आहे.”

“निम्मी आहे म्हणून निम्मी लिहिली.”

“तापमान बदलतंय. मग पातळी बदलायला नको?”

ही बाई त्याला तेल शिकवत होती. गुणाजीच्या कानशिलापर्यंत रक्त चढलं. “मॅडम, तुम्ही पाटी-पेन्सिल घेऊन शाळेत जात होता ना, तेव्हा मी ही तेलं बदललीत. काच आहे तिथे. बघता येतं मला.”

“वर चढून बघितलंत का?”

“तुम्ही चढा. साडी-बिडी नेसत नाही, सोपं जाईल.”

टेबलाभोवतीची चार माणसं हसली. ऋता हसली नाही. तिनं तक्ते गोळा केले आणि म्हणाली, “हे मी लक्षात ठेवीन.” पुढच्या दोन महिन्यांत तिनं त्याची रजा नाकारली, दोनदा हेल्मेट नसल्याचा मेमो दिला आणि तो बोलायला लागला की फोन उचलायची सवय लावून घेतली. गुणाजीनंही तिच्यासाठी ‘पुस्तकी पोपट’ असं नाव रूढ करून टाकलं. दोघांचं असं छान चाललं होतं.

मे महिन्याच्या एका मंगळवारी दुपारी सव्वाला नऊ नंबर बंद पडला.

गुणाजी पोचला तेव्हा फाटकावर शंभरेक माणूस जमलं होतं. टॉवरवाले इंग्रजीत ओरडत होते, चाळवाले मराठीत. वैभवची खुर्ची पुढे करण्याची तऱ्हा आज गायब होती.

“ओ घाडीकाका, तासभर पंखा नाय! आजी गुदमरतेय वर आमची!”

“मग घाल वारा. हात दिलेत ना देवानं?”

“चालू करा ना बटण! काय नाटक लावलंय!”

“तू ये आत. तू कर. उद्या तुझ्या फोटोला हार मी आणीन.”

आत ऋता आधीच आली होती. पॅनेलवरचा खुणेचा झेंडा पडला होता, म्हणजे बुकोल्झनं ट्रान्सफॉर्मरची वीज तोडली होती. ही बुकोल्झ म्हणजे टाकी आणि तिच्या डोक्यावर आडवा बसवलेला तेलाचा पिंप, या दोघांमधल्या नळीवरची एक लोखंडी डबी. टाकी तापली की तेल फुगून पिंपात चढतं, निवली की खाली उतरतं, आणि डबी नेहमी तेलानं भरलेली असते. आत कुठे जळालं तर गॅस सुटून डबीत साठतो, डबीतला तरंगता गोळा खाली येतो आणि वीज तुटते. म्हणून गॅस कसला आहे हे कळल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. आत जळालेलं असताना वीज सोडली, तर टाकी फुटून पेटतं तेल चाळीच्या भिंतीवर जाईल. बाहेर जे ओरडत होते त्यांच्याच भिंतीवर.

गुणाजीनं दोन्ही बाजूंची वीज तोडली, अर्थिंग लावलं, शिडी टेकवली आणि खिशातून काड्यापेटी काढली.

“काडी लावायची नाही,” ऋता म्हणाली. “नियमात नाही. सिरिंजमध्ये गॅस घ्या, लॅबला पाठवू.”

“लॅबचं उत्तर तीन दिवसांनी. तोवर ह्यांना वारा तुम्ही घालणार?”

“घाडीगावकर, खाली उतरा.”

“लिहा मेमो,” म्हणत तो वर गेला.

डबीच्या डोक्यावर छोटा कॉक असतो. तो पाव आटा फिरवला की वरच्या पिंपातल्या तेलाच्या वजनानं आतला गॅस फुसकन बाहेर येतो. पेटला तर आत जळालंय. नाही पेटला तर नुसती हवा. गुणाजीनं काडी ओढली, कॉकशी धरली आणि आटा फिरवला.

फुस्ससुद्धा झालं नाही. ज्योत सरळ उभी राहिली.

त्यानं अर्धा आटा फिरवला. मग पूर्ण. ज्योत हलली नाही. गॅस ढकलायला वर वजनच नव्हतं. काडीनं बोट भाजलं तोवर त्याला सगळं कळून चुकलं होतं. त्यानं मान वळवून हातभर अंतरावरच्या पिंपाच्या काचेकडे पाहिलं. काच निम्मी भरलेली होती. तांबूस, दर महिन्याला दिसायची तशीच. त्यानं पिंपाखालचा नट सैल केला. थेंबभरही तेल आलं नाही. पान्यानं पिंपावर ठोकलं. रिकाम्या हंड्यासारखा टणत्कार झाला. डबीतला गोळा गॅसनं नव्हे, तेल आटल्यानं खाली आला होता.

ऋता दुसरी शिडी लावून वर आली. तिनं काचेवर टॉर्च आडवी धरली आणि बराच वेळ बघत राहिली.

“हा डाग आहे,” ती म्हणाली. “वर्षानुवर्षं तेल इथपर्यंत असायचं, त्यानं काच आतून रंगलीय. तेल गेलं, रंग राहिला. तुम्ही वर्षभर डाग वाचताय.”

ती तोंडावरची रेघही न हलवता गुणाजीकडे बघत होती, ते त्याला झोंबलं. तिनं मोबाइलवर तक्ते उघडले. “जानेवारी, तापमान सेहेचाळीस, पातळी निम्मी. गेल्या आठवड्यात तापमान एकाहत्तर, पातळी निम्मी. सही, सही, सही. शाळेतल्या पोरालाही कळलं असतं. शाळेचं तुम्हीच काढलं होतंत.”

“तेल गेलं कुठे ते बघा आधी!” गुणाजी खेकसला आणि शिडीवरून उतरला.

जमिनीवर तेलाचा ओघळ नव्हता. जोडांवर ओल नव्हती. मग तो गुडघ्यावर बसला आणि टाकीच्या तळाचा नमुना काढायचा व्हॉल्व्ह चाचपला. त्याचं टोपण पान्यानं आवळलेलं असायला हवं होतं, ते बोटानं फिरलं. आट्यांवर ताजं तेल होतं. पुढचं त्याला कुणी सांगायला नको होतं. तो तडक फाटकाच्या चौकीत गेला, चंदूची पेटी उलटी केली, आणि कपड्यांतून निघाल्या दोन लिटरभराच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि एक नरसाळं. एका बाटलीत चार बोटं तेल होतं.

त्यानं चंदूला कॉलर धरून फाटकापर्यंत ओढला. “बघा! हा तुमचा चौकीदार! तुमच्या पंख्याचं तेल विकून खाल्लंय ह्यानं!”

टॉवरवाले ओरडत होते, पण चाळीची बाजू चिडीचूप झाली. मायावहिनींनी पदर तोंडावर घेतला आणि त्या मागच्या मागे निघून गेल्या. वैभव मोबाइलमध्ये बघू लागला. गुणाजीला वाटलं, आपल्या आवाजाचा दरारा आहे.

“कुणाला विकलंस?” ऋतानं विचारलं.

“विकला नाय मॅडम.”

“मग?”

चंदू जमिनीकडे बघत राहिला.

“बोल ना रे चोरा! कुठल्या भंगारवाल्याला दिलंस?” गुणाजीनं त्याला गदागदा हलवलं.

चंदूनं मान वर केली. “तुमी नका इचारू, साहेब,” तो हळू म्हणाला. “कोनी पन इचारू दे. तुमी नको.”

गुणाजीनं त्याच्या थोबाडीत मारली. सगळ्यांदेखत.

मोठ्या साहेबांचा फोन आला. ऋतानं डागाचं सांगायला सुरुवात केली तेवढ्यात पलीकडून तिला तोडलं गेलं. वरच्यांना चोर परवडतो, चूक परवडत नाही. तिनं फोन खाली ठेवला तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. “चोरी दाखवायची. उद्या अकरा वाजता पोलिसात तक्रार. तुमचा जबाब लागेल, ताबा तुमचा आहे. तेल कधीपर्यंत होतं ते लिहा.”

गुणाजीनं कागद घेतला. ‘पातळी गेल्या आठवड्यापर्यंत ठीक होती’ असं लिहिलं, तर सत्तर-ऐंशी लिटर तेल एका आठवड्यात गेलं असं होत होतं. म्हणजे दोन बाटल्यांचा भुरटा चोर पिंपं उपसणारा दरोडेखोर ठरत होता. उलट वर्षभर हळूहळू गेलं असं लिहिलं, तर वर्षभराच्या बारा सह्या खोट्या ठरत होत्या. गुणाजीला ठरवायला फार वेळ लागला नाही. ‘माझ्या प्रत्यक्ष पाहणीनुसार पातळी गेल्या आठवड्यापर्यंत ठीक होती,’ त्यानं लिहिलं, आणि पेन न झटकता सही केली.

ऋतानं वाचलं. “लाज नाही वाटत?”

“तुम्हाला वाटते ना? पुरे एकीला.”

स्टोअरमधून तेलाची पिंपं आली. नव्या तेलाचा नमुना चाचणीच्या कपात घेऊन दोन गोळ्यांमधल्या बारीक फटीत विजेचा दाब चढवला, तेल पंचावन्न हजार व्होल्टपर्यंत टिकलं. तेल भरलं, डबीतली हवा काढली, वेटोळ्यांचं इन्सुलेशन मेगरनं मोजलं, सगळं नीट भरलं. सव्वासहाला वीज आली. चाळीतून नेहमीसारख्या टाळ्या-शिट्ट्या झाल्या नाहीत. गुणाजीनं दांडका कानाला लावला नाही, तसाच घरी निघाला.

जिन्याच्या तोंडाशी मायावहिनी उभ्या होत्या. त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

“घाडीभाऊजी, रागावू नका हां. पण आता तेलाचं कसं व्हायचं? तुम्हीच असं केलंत तर आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?”

“कसलं तेल?”

“आता माझ्यापाशी तरी कशाला लपवताय? दोन वर्षं लावतेय मी. सगळी चाळ लावते. मालन म्हणाली होती, ह्यांनीच पाठवलंय, पण चारचौघांत विचारू नका, भडकतात. आम्ही कधी विचारलं? पण त्या गरिबाला असं मारायचं म्हणजे... द्यायला सांगणारे तुम्ही, आणि चोर तो?”

शिऱ्याची वाटी, पुढे केलेली खुर्ची, ‘या घाडीभाऊ’, हे सगळं गुणाजीच्या डोळ्यांपुढून एकेक करून गेलं. माणूस सरळ म्हणून नव्हतं ते. तोंडानं खवट पण तेल देतो, म्हणून होतं.

तीन मजले तो कसा चढला ते त्याला कळलं नाही. मालन ओट्याशी होती. डब्यांच्या फळीमागे बाटली होती, लपवलेलीही नव्हती. त्याच्या घरात दोन वर्षं तो वास होता, आणि त्याला वाटत होतं, आपल्याच कपड्यांना येतोय.

“तू?” तो ओरडला. “माझ्या घरात? माझ्या नावान?”

मालन वळली. “ओरडा नकात. गॅलरीत ऐकाक जाता. तुमका आवडता तसा.”

“तुका कोणी दिल्यान?”

“ज्याच्याकडे मागलंय त्यान दिल्यान. त्याची बायको गेली, मी त्याका डबो धाडी. एक दिवस डबो घेऊक वर इलो, माका पायरीवर बसलेली बघितल्यान. तुम्ही तीस वर्सां बघतास. त्यान एकदाच बघितल्यान.”

“आणि अख्ख्या चाळीक वाटलंस?”

“मायावहिनी रडत होती गुडघ्यान. दिलंय. मग दुसरी इली. नाय म्हणूचा कसा, ता माका तुमच्यासारखा जमना नाय.” तिचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. “तुमचा नाव सांगितलंय, कारण लोक तुमका शिव्या घालीत आणि मी ऐकी. म्हटलं, एकदा तरी बरा बोलूदेत. बोलले. तुमका आवाडला. जेवताना सांगत होतास माका.”

“त्यान माझा नाव कित्याक नाय घेतल्यान? तुझा तरी?”

“डबो खाल्लोहा त्यान हयचो,” मालन म्हणाली. “तुम्ही त्याका मारलास म्हणतत. खरा?”

गुणाजी जेवला नाही. मालननं आग्रहही केला नाही. आजवर तो माणसांवर रागावत आला होता, आज पहिल्यांदा त्याला स्वतःची किळस आली, आणि ती कुणावर ओरडून काढायची सोय नव्हती.

सकाळी नऊला तो दादरच्या ऑफिसात ऋताच्या टेबलापुढे उभा राहिला. तिनं मान वर केली नाही.

“जबाब बदलायचाय,” तो म्हणाला.

“का? झोप लागली नाही?”

“वर्षभर मी डाग वाचला. वर चढलो नाय. आणि तेल माझ्या घरी आलं. बायकोनं घेतलं, चाळीत वाटलं. चंदूनं एक पैसा घेतला नाय.”

आता तिनं मान वर केली. त्याला वाटलं, ती हसेल, किंवा काही बरं बोलेल. दोन्ही झालं नाही.

“कालचा कागद फाडता येणार नाही. त्याला आवक नंबर पडलाय,” ती म्हणाली. “हा वेगळा लिहा. दोन्ही फाइलला राहतील.”

“दोन्ही?”

“सह्या तुमच्याच आहेत ना दोन्ही?”

त्यानं उभ्यानंच लिहिलं. तिनं नंबर घातला आणि मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये गेली. दारापलीकडून चढे आवाज आले, त्यात तिचा जास्त चढा होता. पोलिसांकडची तक्रार थांबली. चंदूची नोकरी वाचली नाही. एजन्सीनं दुपारी त्याचा खाकी शर्ट काढून घेतला. गुणाजीकडून अकरा सबस्टेशन काढून घेऊन त्याला परळच्या स्टोअरमध्ये बसवलं. तिथे सही करायला काही नव्हतं. जाताना ऋता एवढंच म्हणाली, “माझ्याकडून माफीबिफीची अपेक्षा ठेवू नका. मार्चमध्ये वर चढला असतात, तर हे झालं नसतं.” ते खरं होतं. आता दुसऱ्याचं बरोबर असणं कसं लागतं, ते त्याला कळत होतं.

चाळीचं तेल बंद झालं आणि चाळीला त्याचे सगळे जुने गुन्हे आठवले. बारशाची माळ, तेराव्याचा हॅलोजन. वैभवनं खुर्ची आत ओढून घेतली. मायावहिनी जिन्यात तोंड फिरवून जाऊ लागल्या. गुणाजी मेडिकलमधून मलमाची ट्यूब घेऊन आला, ती मालननं कपाटावर ठेवली. उघडली नाही.

चौथ्या दिवशी सकाळी तिनं एक डबा त्याच्यापुढे ठेवला.

“ह्यो चंदूचो. माझ्यान उतरवणा नाय. तुम्ही न्यायचो.”

“मी? कोळीवाड्यात?”

“मारूक तरातरा गेलास तेव्हा वाट विचारलास?”

तो बसनं वरळीला गेला. कोळीवाड्यातल्या बोळांतून तीनदा वाट चुकला आणि तीन बायकांच्या शिव्या खाऊन किनाऱ्यावर निघाला. चंदू बांबूच्या वलांडीवर बोंबील टांगत होता. भावाच्या बायकोनं, सोनूबाईनं, गुणाजीला ओळखलं असावं, कारण तिनं कोयता खाली ठेवला नाही. चंदूच्या गालावर आता काही खूण नव्हती. गुणाजीनं वाटेत चार वाक्यं जुळवली होती.

“मालननं दिलाय,” तो म्हणाला.

चंदूनं हात खाकी विजारीला पुसले, डबा घेतला, झाकण उघडून बघितलं आणि सावलीत ठेवला. मग आत जाऊन गेल्या मंगळवारचा रिकामा डबा घेऊन आला. घासलेला होता. तो त्यानं गुणाजीच्या हातात दिला आणि पुन्हा बोंबलांकडे वळला.

बाजूला एक उलटी टोपली होती, बसण्याजोगी. गुणाजी ऊन चढेपर्यंत तिच्याजवळ उभा राहिला. बसा असं कुणी म्हटलं नाही.